बियाण्याचा दुधी

"अहो, फेटा कुठंय तुमचा?"

उद्या आमच्या मुक्ताचं लग्न आणि वधूपित्याचा केशरी फेटा परसात! बियाण्यासाठी राखलेल्या एकुलत्या दुधीभोवती ह्यांनी तो चांगला दोन पदरी गुंडाळला होता. मी कपाळावर हात मारला.

"महाबळेश्वरची थंडी आहे ही. पहाटे दव गोठणार," हे पुटपुटले. "गोधड्या सगळ्या पाहुण्यांना दिल्या. पोरीनं हातानं लावलीय वेल. सासरी याचंच बी नेणार म्हणते."

"आणि मांडवात बोडक्यानं उभे राहणार?"

ह्यांनी गाठ तेवढी घट्ट केली.

मी तणतणत घरात गेले. उद्या नेसायची पैठणी काढली आणि उलगडतच बाहेर आले.

"सरका. नुसतं फळ झाकून भागतंय होय? वेल नको जगायला?"