फक्त नव्या आयांसाठी

पायाने पाळणा हलवत तिने आईचा फोन घेतला.
"अगं, बाळ झोपू देतंय ना तुला?"
"हो गं आई, सगळं मस्त चाललंय. ठेवते, दूध उतू जातंय."
गॅसवर काहीच नव्हतं.

फोन ठेवल्या ठेवल्या तिने नव्या आयांच्या ग्रुपवर लिहिलं, 'आज पुन्हा नळ सोडून रडले.' लगेच उत्तर आलं, 'रड गं बिनधास्त, आम्ही कशाला आहोत!' तिचा जीव जरा थाऱ्यावर आला.

ग्रुपची अ‍ॅडमिनही तीच. आत येणारीने आधी 'तुमचं बाळ किती महिन्यांचं?' याचं उत्तर द्यायचं, हा नियम तिचाच. जाहिरातवाले तिथेच गळायचे. बाळ कुरकुरलं, तशी एका हाताने त्याला थोपटत ती दुसऱ्या हाताने भराभर अर्ज उडवू लागली. एकावर नुसता गुलाबाचा फोटो होता. हाही काहीतरी विकणाराच, म्हणत तिने अंगठा नेला आणि उत्तर वाचून थबकली.



'अठ्ठावीस वर्षांचं आहे. मला काही सांगत नाही, इथे मोकळं बोलतं म्हणे. आत घ्या, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.'