सेक्टर सहामधला समुद्र

काच

काच दारातून आत येत नव्हती. चौघांनी ती उभी केली, आडवी केली, तिरपी करून पाहिली. शेवटी नरहरीने हॉलच्या खिडकीची चौकट काढली आणि आठ फुटी काच तिथून आत सरकवली.

शेजारच्या सिंधुताई कुंपणापलीकडून पाहत होत्या.

"भाऊजी, पाणबुडी बांधून राहिले का?"

"समुद्र बांधून राहिलो, वहिनी."

"भिलाईत?" त्या हसल्या. मग त्यांची नजर मागच्या अंगणाकडे गेली आणि हसू थांबलं. "आज ताराचे दादा येऊन राहिले ना? त्याईले काय सांगान?"

नरहरीने ब्रश उचलला. काचेच्या टाकीच्या लोखंडी सांगाड्याला तो रंगाचा आणखी एक हात देऊ लागला. खाऱ्या पाण्यात लोखंड टिकत नाही.

पाणी

बाबुलाल, ताराचा थोरला भाऊ, गोंदियाहून आला तो चपला न काढताच हॉलमध्ये शिरला. भिंतीला लागून पाण्याचे कॅन उभे होते.

"हे काय?"

"समुद्राचं पाणी. पुरीचं."

"तुम्ही पुरीले जाऊन आले?"

"दोनदा."

"अन् ताराले नाही नेलं?"

नरहरी एका कॅनचं झाकण घट्ट करू लागला.

"मी काय इचारून राहिलो, जवाईबापू? तिनं तुमाले एकच गोष्ट मांगितली. समुद्र पाहाचा. तवा तुमाले सुट्टी नव्हती. कधी शटडाउन, कधी ओव्हरटाइम. आता सोता जाऊन आले, कॅन भरून आणले, अन् तिले इथंच ठेवलं? पेरूखाली?"

"नेलं असतं तर तिकडंच राहिली असती, दादा."

"राहू द्या ना मंग!" बाबुलालचा आवाज फाटला. "असं धरून ठेवून काय भेटून राहिलं तुमाले?"

काय भेटतं ते नरहरीला सांगता आलं नसतं. तारा मागे पेरूखाली होती. ड्युटीवर जाताना तो तिच्याशी दोन शब्द बोलायचा, आल्यावर दोन. ती उत्तर देत नव्हती. पण होती.

"समुद्र मी घरीच आणतो," तो म्हणाला. "तिले जावंच नाही लागणार."

"काचेच्या डब्यात पाणी भरलं का झाला समुद्र? लाट कुठं आहे त्याले?" बाबुलाल दाराकडे वळला. "दिवाळीनंतर येतो. तिकीट काढूनच येईन. खरा समुद्र दिसला तर ठीक, नाही तर मी घेऊन जातो तिले. माझी बहीण आहे थे."

दगड

भिलाईजवळच्या नंदिनी गावच्या खाणीत काम करणाऱ्या चंपतने चुनखडीचे दगड आणून दिले.

"हे बी कधी काळी समुद्राच्या तळालेच होते म्हनतात," तो म्हणाला. "माहेरी चालले समजा."

नरहरीने टाकीत त्यांचा डोंगर रचला, कपारी ठेवल्या. मधोमध वाळूचा एक खळगा मोकळा सोडला.

"इथं काय येणार?" चंपतने विचारलं.

"राहू दे तसंच."

जीव

कलकत्त्याच्या व्यापाऱ्याने मासे पाठवले, सोबत जिवंत प्रवाळाचे दोन तुकडे. मासे लगेच मेले. ऑक्टोबरच्या उन्हाने पाणी कोमट झालं होतं. नरहरीने कूलर टाकीकडे वळवला आणि स्वतः घामात झोपायला लागला.

पुढचे मासे जगले. प्रवाळ मात्र मिटलेलंच राहिलं, नंदिनीच्या दगडासारखं दगड.

संध्याकाळी तो पेरूखाली गेला. लाल कापडावर पडलेलं पान त्याने उचललं.

"मासे जगले," तो म्हणाला. "आता लाट तेवढी राहिली."



लाट

लाट त्याला कारखान्यातच सापडली. वितळलेल्या लोखंडाची अवाढव्य बादली तो रोज क्रेनवरून कलती करत होता. वर्षानुवर्षं करत होता, आणि लाटेसाठी डोकं खाजवत बसला होता.

टाकीच्या एका टोकाला त्याने पत्र्याची लांबट बादली दोन कड्यांत टांगली. पंपाचं पाणी तिच्यात पडायचं. भरली की तिचा तोल जायचा, ती उलटायची आणि सगळं पाणी एकदम टाकीत कोसळायचं. लाट उठायची, दगडांवरून जायची, पलीकडच्या काचेवर फुटायची. रिकामी बादली आपोआप सरळ व्हायची.

लाटा सुरू झाल्या आणि काही दिवसांनी प्रवाळाने तोंडं उघडली. तांदळाच्या दाण्याएवढी, शेकडो.

दिवाळीनंतर बाबुलाल आला तेव्हा सिंधुताईही बघायला आल्या होत्या. त्याने आल्या आल्या खिशातून तिकीट काढून टेबलावर ठेवलं.

"पुरीची गाडी आहे संध्याकाळची."

"पहा तर अगोदर," नरहरी म्हणाला.

बादली उलटली. लाट काचेवर आदळली आणि बाबुलालच्या सदऱ्यावर पाणी उडालं. तो मागे सरला नाही. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं.  लाट आली, गेली, पुन्हा आली. प्रवाळाची तोंडं लाटेसरशी वाकत होती.

"खारं आहे," तो शेवटी म्हणाला. मग हळू आवाजात, "तिले दाखवलं?"

"नाही. तुमची वाट पाहून राहिलो. भावाचा हात लागला पाहिजे."

बाबुलालने तिकीट उचललं, एकदा पाहिलं आणि घडी करून खिशात घातलं. मग त्याने चपला काढल्या. नळावर जाऊन हातपाय धुतले.

"मी आणतो तिले," तो म्हणाला.

मागचं दार वाजलं. सिंधुताईंनी डोक्यावर पदर घेतला. नरहरीने बाही वर सारून टाकीतल्या मधल्या खळग्याची वाळू सारखी केली.

बाबुलाल परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत, पेरूच्या फांदीवरून सोडलेलं, लाल कापडाने तोंड बांधलेलं अस्थींचं मडकं होतं.