बोक्याची वेळ

शेजाऱ्यांचा बोका रोज दुपारी खिडकीतून आत यायचा आणि निवृत्त हेडमास्तरांच्या आरामखुर्चीत ठाण मांडायचा. उठवायला गेलं की फिस्कारून पंजा मारायचा. चाळीस वर्षं अख्खी शाळा धाकात ठेवलेले मास्तर आठवडाभर स्वतःच्याच घरात उभ्यानं पेपर वाचत होते.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, बोक्याला घाबरता ते ठीक आहे, निदान शेजाऱ्यांशी तरी बोला."

मास्तर ओरखडलेला हात दाखवायला तणतणत शेजारी गेले. दार उघडणाऱ्या शेजाऱ्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

"बोका तुमच्याकडेच आहे ना?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"हो, माझ्या खुर्चीत झोपलाय."


"मग या ना मास्तर, टेका जरा. आम्हीही याच वेळेला बसून घेतो."