हिरवे दिवे

शिरोलीच्या फौंड्रीतले सगळे सर्व्हर प्रसेनजीत मोबाईलवरूनच सांभाळायचा. आज तो ऑफिसात पोचला, तर तिथल्या स्क्रीनवर सर्व्हरचे हिरवे दिवे एकेक करून विझत होते. कोणीतरी आत घुसलं होतं! बंद करणाऱ्याचं नाव त्यानं उघडून बघितलं. नाव त्याचंच होतं.

आता फक्त भट्टीचा सर्व्हर चालू होता. मोबाईलसाठी खिशात हात घातला, तर खिसा रिकामा. घाबरून त्यानं ऑफिसच्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावला.

आईनं उचलला. "चार्जिंगला लावून इसरून गेलास की रं! किती दिवं फुकट जळत हुतं ह्यात."

"आई, हात लावू नको!"



"थांब रं, एकच ऱ्हायलाय. तेवढा घालवू दे, मग बोल."