मनगटावरचा हिरवा ठिपका

डबा घेऊन कुमुद खोलीत आली, तसे कमलाकर खुर्चीतून अर्धवट उठले. "बाई, आपण कुणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच. थालीपीठ आणलंय."

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती, पण गेल्या दिवाळीपासून त्यांना बायको ओळखू येत नव्हती. त्यांना कुणाजवळ बरं वाटतं हे कळावं, म्हणून शुश्रूषागृहातल्या डॉक्टरांनी त्यांच्या मनगटात, कातडीखाली, अतिसूक्ष्म कण सोडले होते. माया वाटली की रक्तात एक रेणू वाढतो, आणि तो या कणांना चिकटला की ते हिरवे उजळतात. नर्सने समजावलेलं एवढं मात्र कमलाकरांच्या पक्कं लक्षात राहिलं होतं.

कुमुदने थालीपीठावर लोणी ठेवलं, तुकडा मोडून त्यांच्यापुढे धरला. त्यांच्या मनगटावर हिरवा ठिपका उजळला.

कमलाकरांनी घाईघाईने बाही खाली ओढली.

"रागावू नका," ते मान खाली घालून म्हणाले, "पण उद्यापासून येत जाऊ नका. माझं लग्न झालंय. तिला कळलं तर वाईट वाटेल."

"तिला विचारूनच येते मी," कुमुद म्हणाली आणि तिने तुकड्यावर आणखी थोडं लोणी लावलं.