पट्टीवरचे ठसे

सिंधुबाईंच्या खालच्या जबड्यात, पडलेल्या दाढेच्या जागी स्क्रू बसवून तीन आठवडे झाले होते. गंगापूर रोडच्या दवाखान्यात निकिता डॉक्टरांनी यंत्र लावून पाहिलं, तर पकडीचा आकडा घसरलेला.

"हाड धरेपर्यंत पकड थोडी सैल होतेच, काकू. पण एवढी नाही. त्या बाजूनं चावता का?"

"नाही गं. झोपेत दात खाल्ल्याचा आवाज येतो मात्र."

"वरची कवळी तर काढून झोपता तुम्ही. मग दात खाणार कशानं?"

झोपेत दात खायची खोड यजमानांची, रंगनाथरावांची. दिंडोरीच्या घरात चाळीस वर्षं त्या करकरीला सिंधुबाई वैतागल्या, आणि ते गेल्यावर तिच्यावाचून त्यांचा डोळा लागेना. स्क्रू बसल्यापासून मात्र ती करकर पुन्हा ऐकू येत होती आणि गाढ झोप लागत होती. हे त्यांनी सांगितलं नाही.

खबरदारी म्हणून डॉक्टरांनी खालच्या दातांवर रात्री घालायला मऊ पट्टी करून दिली.

आठवड्यानं डॉक्टरांनी ती पट्टी उजेडात धरून पाहिली. वरच्या अंगाला दातांची अख्खी रांग खोल उमटली होती. पुढच्या दोन दातांत फट होती.

"काकू, घरात अजून कोण असतं?"

"मी एकटीच." सिंधुबाईंनी फटीवरून हलकेच बोट फिरवलं. "हसले की इथून शीळ वाजायची त्यांची."

"असंच चाललं तर स्क्रू निघून येईल."

सिंधुबाईंनी पट्टी रुमालात जपून गुंडाळली.

"निघाला तर लगेच दुसरा बसवशील ना गं?"