चंद्राचं तिकीट

टेबलावर पुन्हा एकच पाकीट होतं. रात्री मारितने दोन ठेवली होती.

एक बापाच्या इन्कम टॅक्सचं, दुसरं गिफ्ट टॅक्सचं. हाल्वोर ब्रेक्के फेब्रुवारीत वारला. त्याआधी, ऑक्टोबरात, त्याने हे घर बक्षीसपत्र करून लेकीच्या नावावर केलं होतं. भरायचं काहीच नव्हतं. पण एवढं मोठं काही दिलं की सरकारला ते निराळ्या फॉर्मवर कळवावं लागतं, आणि तो फॉर्म निराळ्या पाकिटातून निराळ्या गावी जातो. बापाच्या वतीने सही मारितचीच. मुदत आजची, पंधरा एप्रिलची, पोस्टाची खिडकी बंद होईपर्यंत.

हे चौथ्यांदा घडलं होतं. पहिल्या खेपेला गिफ्टचा फॉर्म नीट घडी होऊन इन्कम टॅक्सच्या पाकिटात जाऊन बसला. दुसऱ्या पाकिटावरचं तिकीट कोपराही न दुमडता सोललेलं, खणात परत ठेवलेलं. दुसऱ्या खेपेला मारितने दोन्ही पाकिटं ओडेल स्कारकडे नेऊन दिली. ओडेल गावाला टॅक्सचे फॉर्म भरून द्यायचा आणि हाल्वोरचा पन्नास वर्षांचा दोस्त होता. त्याने ती लोखंडी कपाटात कोंडली. सकाळी कपाटात पाकीट एक आणि वास हाल्वोरच्या तंबाखूचा. तिसऱ्या खेपेला मारित पाकिटं घेऊन थेट पोस्टात गेली. गाडीतून उतरताना हातात दोन होती. खिडकीशी पोचेतो एक. पोस्टातल्या व्हर्नाबाई म्हणाल्या, अगदी बापाच्या वळणावर गेलीस.

गावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. हाल्वोरने जन्मात जिथे एका तिकिटात भागतं तिथे दुसरं लावलं नव्हतं. नाताळची सगळी कार्डं तो एका पाकिटात कोंबून थोरल्या बहिणीला पाठवायचा. तिने आपलं ठेवून बाकीची पुढे सरकवायची. शेवटचं कार्ड ईस्टरला पोचायचं. माणूस चंद्रावर उतरला त्या साली निघालेलं चंद्राचं एक तिकीट मात्र त्याने हौसेने घेतलं होतं. ते तंबाखूच्या रिकाम्या डबीत असायचं. तेवढ्या तोलामोलाचं पत्र लिहायची वेळ आली की लावीन, म्हणायचा. पन्नासहून जास्त वर्षं गेली, तशी वेळ आली नाही.

मारितने ओडेलला फोन केला. आवाजात रडं नव्हतं, नुसता थकवा होता. रात्रभर जिन्यावर बूट वाजतात, म्हणाली. पाच वाजेपर्यंत पाकिटं गेली नाहीत तर घर शेजाऱ्याला देऊन टाकते. शेजारी ते पाडून बीट लावणार होता.

ओडेल दुपारी आला. त्याने फॉर्म वेगळे केले, दोन पाकिटं नव्याने चिकटवली. पहिल्यावर तिकीट लावलं. दुसऱ्यावर लावायला मारितने साफ नकार दिला. चार वेळा लावलं, म्हणाली, आता ज्याला हवं त्याने लावावं.

मग ओडेलने स्वयंपाकघरात नजर फिरवली. मारित कोपऱ्यातल्या दूध काढायच्या स्टुलावर बसली होती. निजायची ती अजून वर, छपराखालच्या लहानपणच्या गार खोलीत. दाराशी हाल्वोरचे बूट होते, ताजं तेल लावलेले. खिडकीपाशी त्याची खुर्ची, आणि तिच्यापुढे कॉफीचा कप. कपातून वाफ निघत होती.

ओडेल खुर्चीकडे वळला. मारितने हात आडवा धरला.

"तिथे नको, ओडेलकाका. बाबा बसतात."

"आणि ही कॉफी?"

"त्यांना तीन वाजता लागते."

ओडेलने टोपी काढली आणि तिची कड बोटांत फिरवली. माळ्यावर एक फळी करकरली. दोघांनीही वर पाहिलं नाही.

"अगं पोरी," तो म्हणाला, "त्याने घर दिलं. तू घेतलंस कुठे? तू तर इथे पाहुण्यासारखी राहतेस. आणि जे कुणी घेतलंच नाही, त्याच्यापायी हाल्वोर ब्रेक्के एक तिकीट फुकट घालवेल होय?"

मारित उठली. खुर्चीपाशी जाऊन, कुणी आधीच बसलेलं असावं तशी अंग चोरून, ती टेकली. खुर्ची गार होती. हळूहळू तिने पाठ मागे सोडली. समोरच्या खिडकीतून नांगरलेलं शेत दिसत होतं, आणि शेताच्या टोकाला तो खांब, जिथे ती शाळेच्या बसमधून उतरायची. या घरात तो खांब फक्त याच खुर्चीतून दिसत होता. हे तिला आज कळलं.

तिने कप उचलला आणि कॉफी प्याली. सगळी, तळाच्या गाळापर्यंत.

जिन्यावर बूट वाजले. एकेक पायरी खाली आले, तिच्या पाठीमागून गेले, दाराशी क्षणभर थांबले. दार उघडलं नाही. पण मारितने वळून पाहिलं तेव्हा दाराशी बूट नव्हते.

"ओडेलकाका, पाच वाजतील," ती म्हणाली, आणि पाकिटं घ्यायला टेबलाकडे वाकली.

पाकिटं दोन्ही होती. शेजारी तंबाखूची डबी उघडी पडली होती, रिकामी. दुसऱ्या पाकिटाच्या कोपऱ्यात, नेमका सरळ, चंद्र चिकटवला होता. मारितने त्यावर बोट ठेवून पाहिलं. तिकिटाची कड अजून ओली होती.